मुंबईत पोर्तुगीज काळातलं गावचं चर्च मूळ बांधणीत कुठे बघायला मिळेल?

मूळ बांधणीच बघायची असेल तर दादरचं पोर्तुगीज चर्च आधी यादीतून काढा. स्थापना 1596 ची, पण आज उभी आहे ती वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची 1970 च्या दशकातली काँक्रीटची इमारत. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज 1575 चं, तेही जरूर बघा. पण चालतं चर्च म्हटलं की डागडुजी आलीच: नवं प्लास्टर, नवी फरशी, पंखे. जुनं कुठे संपतं ते कळत नाही.

म्हणून मी सुचवेन अंधेरीच्या सीप्झमधलं सेंट जॉन द बाप्टिस्ट. हो, आयटी कंपन्या आणि दागिन्यांचे कारखाने आहेत तेच सीप्झ. मी तिथेच नोकरी करतो. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघानं, 1579 मध्ये हे बांधलं आणि त्याच वर्षी संत जॉनच्या सणाला, म्हणजे 24 जूनला, उघडलं. आता छप्पर नाही, भिंती आहेत. या धाटणीच्या चर्चना लाकडी वाशांवर कौलं असायची. लाकूड कुजलं की छप्पर बसतं, दगडचुन्याची भिंत मात्र तग धरते. खिडकीपाशी भिंतीची जाडी बघा, कोनाड्यात माणूस आरामात बसेल. सांध्यांमधून झाडांची मुळं घुसलीत. काही ठिकाणी तर भिंतीनं झाड धरलंय की झाडानं भिंत, सांगणं कठीण.

पडझड पाहून लोक लगेच लढाईचा अंदाज बांधतात. तसं नाही. 1737 मध्ये साष्टी, म्हणजे अंधेरी ज्यात येते ते बेट, मराठ्यांकडे आली, जेझुइट गेले, 1774 मध्ये ठाण्यासकट सगळं इंग्रजांनी घेतलं. एवढ्या उलथापालथीत हे चर्च चालूच राहिलं. बंद पडलं ते 1840 च्या सुमारास, गावात साथ आली म्हणून. गाव उठलं आणि चर्चही शेजारच्या मरोळला गेलं. जाताना लोकांनी मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचं कुंडही नेलं. त्यामुळे खरं तर हे चर्च दोन तुकड्यांत बघावं लागतं: भिंती सीप्झमध्ये, आतलं सामान मरोळला. मरोळच्या ईस्ट इंडियन मंडळींना, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक लोकांना विचारा, ती आजही त्याला आपलं जुनं चर्चच म्हणतात.

एक अडचण आहे. सीप्झच्या गेटवर पास लागतो, सहज फिरायला आलो म्हणून कुणी आत सोडत नाही. दरवर्षी मे महिन्यात एका रविवारी त्या पडक्या भिंतींतच मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना, होते, तेव्हा बाहेरच्यांनाही जाता येतं. नेमकी तारीख मरोळच्या चर्चमध्ये विचारून घ्या. सकाळीच जा, छप्पर नसल्यानं ऊन थेट डोक्यावर येतं. आणि भिंतींवर चढू नका, दगड सुटे झालेत.