ग्राफिक्स कार्ड थोडं थांबू दे

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे, वारज्याला आईबाबांबरोबर राहते. कोथरूडमधल्या एका जाहिरात कंपनीत व्हिडिओ एडिटिंग करते. पगार हातात ३८,००० येतो. घरी १०,००० देते, स्कूटरचा हप्ता ३,१००, एसआयपी ४,००० आणि स्वतःचा खर्च साधारण ९,०००. सेव्हिंगला १,४५,००० आहेत. लग्नाच्या फिल्म एडिट करायची बाहेरची कामं मिळू लागली आहेत. एका कामाचे ६,००० मिळतात, महिन्याला दोन तरी होतील. आतापर्यंत मैत्रिणीच्या लॅपटॉपवर भागवलं. आता स्वतःचा पीसी असेंबल करायचा आहे. बुधवार पेठेतल्या एका दुकानातून ९६,००० रुपयांचं कोटेशन आणलंय, सोबत जोडते. पैसे सेव्हिंगमधून एकरकमी द्यावेत की बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय घ्यावा? बाबा म्हणतात, त्यापेक्षा ७५,०००चा लॅपटॉप घे.

उत्तर : पीसी जरूर घ्या. ज्या वस्तूवर कमाई होणार आहे तिला मी उधळपट्टी म्हणत नाही. पण ९६,००० एकरकमी देऊ नका आणि ईएमआयही घेऊ नका. असेंबल्ड पीसी टप्प्याटप्प्याने घेता येतो, ही त्याची मोठी सोय तुमच्या कोटेशनमध्ये वापरलेलीच नाही.

आधी पैशांचं पाहू. सेव्हिंगमधले १,४५,००० सगळे मोकळे नाहीत. घरी द्यायचे १०,०००, स्कूटरचा हप्ता आणि तुमचा खर्च मिळून महिन्याला २२,१०० लागतातच. तुमच्या क्षेत्रात नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत तीन-चार महिने सहज जातात. राहायचं घर आईबाबांचं आहे म्हणून मी सहाऐवजी चार महिन्यांची तरतूद धरतो, म्हणजे ८८,४००. तेवढे बाजूला ठेवले की उरतात ५६,६००. आजचं तुमचं बजेट एवढंच. ९६,००० एकदम काढले तर खात्यात ४९,००० राहतील, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांची सोय. वडिलांच्या पगारावर किंवा पेन्शनवर घर चालू राहील हे खरं, पण तुमची अडचण त्यांच्या अंगावर पडावी असं तुम्हालाही वाटत नसणार.

आता ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. त्यामुळे नो-कॉस्टमध्ये बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून आधी कमी करते. ९६,०००चे बारा हप्ते म्हणजे महिन्याला ८,०००. बँकेचा दर वर्षाला १५ टक्के धरला तर आतलं व्याज सुमारे ७,४०० होतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,३०० रुपये, तुमच्या क्रेडिट कार्डावर येतो. प्रोसेसिंग फी वेगळी. शिवाय रोख किंवा यूपीआयने पैसे दिल्यावर दुकानदार जे हजार-दोन हजार सोडतो, तेही गेले.

पण दीड-दोन हजार जास्त जातात, एवढ्यासाठी मी नाही म्हणत नाही. सगळा खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे महिन्याला ११,९०० उरतात. त्यातले ८,००० हप्त्यात गेले की उरतात ३,९००. हप्ता बाहेरच्या कामातून निघेल असा तुमचा हिशेब आहे. मात्र लग्नाची कामं वर्षभर सारखी नसतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, वैशाख-ज्येष्ठात गर्दी होते आणि चातुर्मासात मुहूर्त जवळपास थांबतात. एडिटिंगचं काम लग्नानंतर महिना-दोन महिने पुरतं, तरी भाद्रपदापर्यंत हात मोकळे होतातच. हप्ता मात्र तेव्हाही त्याच तारखेला कापला जातो. एक हप्ता चुकून थकलेल्या बाकीवर क्रेडिट कार्डाचं व्याज लागलं तर ते बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. ‘महिन्याला दोन तरी’ हा तुमचा अंदाज वर्षाची सरासरी म्हणून एकदा पडताळून बघा.

आता कोटेशन. ते मी नीट वाचलं आणि मला त्याचा राग आला, कारण चकचकीत दिसतं तिथे पैसे घातलेत आणि ज्यावर सगळं चालतं तिथे काटकसर केली आहे. दिव्यांच्या पंख्यांचा कॅबिनेट ७,०००. लिक्विड कूलर ६,५००. आणि पॉवर सप्लाय २,३००! कोअर आय५-१२४०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि सीलबंद खोक्यात इंटेलचा स्वतःचा कूलर येतो. तुमच्या कामाला तो पुरतो. फक्त प्रोसेसर खोक्यातलाच घ्या. सुटा, ट्रेमधला असेल तर त्याबरोबर कूलर येत नाही.

पॉवर सप्लायबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्या भागांना वीज तिथूनच जाते आणि तो बिघडला तर एकटा जात नाही. दुकानात गेल्यावर त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. त्यावर एक तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोधा आणि खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. १२ ला त्या आकड्याने गुणा. चांगल्या ६५० वॉटच्या सप्लायवर ५४ अँपिअरच्या आसपास असतात, गुणाकार ६४८ येतो. नाव ५०० वॉट आणि १२ व्होल्टला २२ अँपिअर असं दिसलं, तर प्रत्यक्षात हाती २६४ वॉटच आहेत. असा सप्लाय परत ठेवून द्या. ८० प्लस ब्राँझ या वीज-कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा, ओळखीच्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटी असलेला ६५० वॉटचा घ्या. साधारण ५,००० धरा.

कोटेशनमधली आणखी एक गोष्ट बदला. प्रोसेसर १२४००एफ लिहिलाय. त्यातल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. म्हणूनच दुकानदाराला आरटीएक्स ५०६० हे कार्ड पहिल्याच दिवशी गळ्यात मारता येतं. साधा १२४०० घेतलात तर दोनेक हजार जास्त जातील, पण दोन गोष्टी पदरात पडतील. एक, ३१,५०० रुपयांचं कार्ड आज घ्यावं लागणार नाही. दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे : आतल्या ग्राफिक्समध्ये इंटेलचं क्विक सिंक असतं. कॅमेऱ्यातून येणाऱ्या एच.२६४ आणि एच.२६५ फाइल उलगडायला ते फार उपयोगी पडतं, आणि पुढे कार्ड लावल्यावरही ते वापरता येतं. फुल एचडी फिल्म यावर व्यवस्थित कापता येईल. फोर-के फुटेज आलं तर प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवून काम करा. वेळ जास्त जाईल, पण काम होईल.

रॅमचं गणित सध्या विचित्र झालंय. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी बनवण्यात कंपन्यांना जास्त पैसा दिसू लागला आणि घरगुती रॅमचा माल आटला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने तर क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी भाव उतरायची वाट बघत काम अडवू नका आणि आणखी चढतील या भीतीने ३२ जीबीही भरून ठेवू नका. तुमच्या कोटेशनमध्ये आठ-आठच्या दोन कांड्या आहेत. त्याऐवजी १६ जीबीची एकच घ्या. दोन कांड्या जोडीने चालतात तेव्हा वेग जास्त मिळतो, विशेषतः आतलं ग्राफिक्स वापरताना. एका कांडीमुळे काही महिने तो फरक तुम्हाला जाणवेल. पण पुढे दुसरी १६ची लावली की ३२ जीबीची जोडी तयार होते आणि आज घेतलेलं काही विकावं लागत नाही. मी हा तोटा पत्करेन.

मदरबोर्ड मात्र एच६१०ऐवजी बी७६० चिपसेटचा, डीडीआर४ प्रकारची रॅम चालणारा घ्या. तीनेक हजार वाढतील. त्यावर बहुधा एसएसडीसाठी दुसरी जागा मिळते. व्हिडिओचं काम करणाऱ्याला साठवणीची जागा नेहमीच अपुरी पडते आणि बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा पीसी उकलायचा. जे नंतर सहज बदलता येतं त्यात आज कमी पैसे घाला, जे बदलायला सगळं खोलावं लागतं ते आजच नीट घ्या.

या हिशेबाने पहिला टप्पा असा बसतो : प्रोसेसर १३,५००, बोर्ड ९,५००, रॅम १२,५००, ५०० जीबी एसएसडी ६,५००, पॉवर सप्लाय ५,०००, हवा खेळणारा साधा कॅबिनेट ३,५००, कीबोर्ड-माउस १,७००. एकूण ५२,२००. ५६,६००च्या आत. मॉनिटर यात नाही, हे लक्षात आलं असेलच. तो पुढच्या पगारातून घ्या. तोवर महिनाभर घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावून चालवा. आईच्या मालिकांच्या वेळा सांभाळाव्या लागतील, पण आपत्कालीन रक्कम शाबूत राहील.

त्यानंतर बाहेरच्या कामाचे पैसे वेगळ्या खात्यात जमा करत जा आणि त्यातून पहिल्यांदा एक केव्हीएचा यूपीएस घ्या. कोटेशनमध्ये तो नाहीच. पावसाळ्यात रेंडर, म्हणजे फिल्मची अंतिम फाइल बनणं, चालू असताना लाइट गेली की तासाभराचं काम जातं, कधी फाइलही खराब होते. त्याच्या पाठोपाठ बाहेरून जोडायची दोन टीबीची हार्ड डिस्क. याबद्दल मी आग्रहाने सांगतो. एखाद्या जोडप्याच्या लग्नाचं फुटेज तुमच्याकडे एकाच एसएसडीवर असेल आणि ती गेली, तर ते लग्न पुन्हा शूट करता येत नाही. त्याची भरपाई तुम्ही कशी करणार? ग्राफिक्स कार्डाच्या आधी ही डिस्क हवी.

यूपीएस आणि डिस्क झाल्यावर सहा कामांचे ३६,००० जमले की कार्ड घ्या. तोवर ५०६०च घ्यावं की दुसरं काही, हेही तुमच्या कामावरूनच कळेल. फोर-केची आणि कलर ग्रेडिंगची कामं वाढली तर कार्ड लवकर घ्यावं लागेल. साध्या हायलाइट फिल्मच येत राहिल्या तर कदाचित वर्षभर नाही लागणार. आणि कामं आलीच नाहीत, तर ३१,५०० तुमच्याकडेच राहिले. ईएमआयमध्ये ही सोय नाही.

लॅपटॉपबद्दल बाबांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. बिघडलं तर एकाच सर्व्हिस सेंटरला द्यायचं, हे सुख आहेच. क्लायंटच्या घरी किंवा हॉलवर बसून एडिट दाखवायचं असेल तर लॅपटॉपच घ्यावा लागेल. तुमचं काम मात्र रात्री घरी बसून करायचं आहे. लॅपटॉपची वॉरंटी बहुधा एकच वर्ष असते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते. पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि जास्त लांब असते, पण ती सांभाळण्याचं काम तुमचं. शिवाय ७५,००० आजच्या बजेटमध्ये बसतच नाहीत, तेव्हा तोही हप्त्यावरच येणार.

वॉरंटीसाठी पक्कं बिल घ्या. ‘बिलाशिवाय घेता का, जीएसटी वाचेल’ असं कुणी विचारेलच. ५२,२००मध्ये जवळपास ८,००० कर आहे, मोह होतो. पण प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पॉवर सप्लाय या सगळ्यांचा सिरीयल नंबर बिलावर नसेल तर तीन वर्षांनी दारात कुणी उभं करणार नाही. बाहेरच्या कामाचं उत्पन्न व्यवसायाचं म्हणून दाखवून त्यातून खर्च वजा करणार असाल, तर संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा. तिथेही बिल लागतंच. बाहेरचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवायचंच आहे, ते लपवू नका.

नेमणूकपत्रात बाहेरची कामं करण्यावर बंदी आहे का, तेवढं आधी वाचा. असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. ऑफिसच्या लायसन्सवर बाहेरचं काम करू नका. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तुमच्या सुरुवातीच्या कामांना पुरेल, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊच नका.

खरेदीला जाताना हीच यादी घेऊन आणखी दोन दुकानांत भाव विचारा. रॅम आणि एसएसडीचे भाव इतके हलताहेत की गेल्या आठवड्यातलं कोटेशन आज लागू असेलच असं नाही. एकूण ५६,०००च्या वर जाऊ लागलं तर पॉवर सप्लायला हात न लावता कॅबिनेट आणि कीबोर्डमध्ये कमी करा. जोडणी दुकानातच करून घेतलीत तर पैसे देण्याआधी पीसी तिथेच सुरू करायला लावा, सगळी रॅम आणि एसएसडी दिसते का ते बघा, खोक्यांवरचे नंबर बिलाशी जुळवा आणि रिकामी खोकी घरी घेऊन या.