यादी लांबत जाते, कामे मात्र होत नाहीत

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. कॉलेजचा अभ्यास, गटाने करायचा प्रकल्प, एक ऑनलाइन कोर्स आणि पुढच्या वर्षीच्या प्रवेश परीक्षेची तयारी असे सगळे एकाच वेळी सुरू आहे. कामे विसरायला होतात म्हणून वही केली, नंतर मोबाइलमध्ये अ‍ॅप घेतले. काही गोष्टी स्वतःलाच मेसेज करून ठेवते. रोज सकाळी यादी करते, रात्री त्यातली बरीचशी कामे तशीच असतात आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उतरवून काढते. मागच्या महिन्यात शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वहीत लिहिलेली असूनही हुकली. लिहून ठेवण्याचा खरोखर उपयोग होतो का, की मी सरळ कोर्स सोडून द्यावा? कालची यादी सोबत जोडली आहे.

उत्तर : यादी जोडलीत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. या यादीत नऊ ओळी आहेत आणि त्यांपैकी तीनच खोडलेल्या आहेत : ‘ग्रंथालयाचे पुस्तक परत करणे’, ‘टिपणांची झेरॉक्स काढणे’ आणि ‘फीची पावती छापून घेणे’. उरलेल्या ओळी अशा आहेत : ‘प्रकल्प’, ‘अर्थशास्त्र’, ‘कोर्स पूर्ण करणे’, ‘इंग्रजी सुधारणे’, ‘प्रवेश परीक्षा’ आणि दोन उद्गारचिन्हांसह ‘गटातल्यांशी बोलणे’. जी कामे झाली ती सोपी होती म्हणून झाली, असे तुम्ही म्हणाल आणि ते काही प्रमाणात खरेही आहे. पण त्या तिन्ही ओळी वाचल्यावर नेमके काय करायचे हे पुन्हा ठरवावे लागत नाही, तर उरलेल्या सहा ओळींत कामाऐवजी कामाचा विषय किंवा त्याची काळजी तेवढी उतरली आहे. कितीही मेहनती माणूस बसला तरी ‘अर्थशास्त्र’ या ओळीवर संध्याकाळपर्यंत रेघ मारता येणार नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती लिहिण्याच्या पद्धतीत करावी. प्रत्येक ओळीत एक क्रियापद असावे, एका बैठकीत संपेल एवढेच काम असावे आणि ते संपले की नाही याबद्दल शंका उरू नये. ‘प्रकल्प’ या शब्दाच्या जागी ‘प्रश्नावलीतले पहिले दहा प्रश्न लिहून गटाला पाठवणे’ असे लिहा. ‘अर्थशास्त्र’ऐवजी ‘मागणीच्या लवचिकतेवरची पाच उदाहरणे सोडवणे’ असे लिहा. ‘इंग्रजी सुधारणे’ हा संकल्प आहे, त्याला रोजच्या यादीत जागाच नको. तो वहीच्या शेवटच्या पानावर, वर्षभरात काय साधायचे आहे त्या नोंदीत जाऊ द्या, आणि रोजच्या पानावर ‘एक उतारा वाचून त्याचा पाच ओळींत सारांश लिहिणे’ एवढेच येऊ द्या. एखादी ओळ अशी फोडता येत नसेल, तर बहुधा ते काम काय आहे हेच अजून आपल्याला नीट कळलेले नसते. अशा वेळी ‘सरांना विचारणे’ हेच पहिले काम ठरते.

लिहिण्याचा उपयोग होतो का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, मात्र ते अटीसह आहे. एका वेळी मनात ताज्या ठेवता येणाऱ्या गोष्टींची मर्यादा साधारण चार असल्याचे मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन मांडले होते. तुमच्याकडे चार आघाड्यांवरची कामे आहेत आणि प्रत्येक आघाडीवर निदान तीन-चार गोष्टी अर्धवट आहेत, तेव्हा विसर पडणे हा तुमचा दोष मानण्याचे कारण नाही. अर्धवट राहिलेले काम दुसरे काही करतानाही डोक्यात डोकावत राहते, हा अनुभव सर्वांचाच आहे. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ही टोचणी थांबण्यासाठी काम पूर्णच व्हावे लागते असे नाही. ते कसे आणि केव्हा करायचे याचा नेमका बेत आखला, तरी मन बऱ्याच अंशी मोकळे होते. नेमका बेत ही त्यातली अट महत्त्वाची आहे. नुसता विषय लिहून ठेवल्याने ती पूर्ण होत नाही, आणि म्हणूनच रोज यादी करूनही तुम्हाला हलके वाटत नसावे.

शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल सविस्तर लिहितो, कारण असे अर्ज पुढे दरवर्षी भरावे लागतील. तुमच्या वहीत शेवटची तारीख होती, पण कामाला हात कधी घालायचा ती तारीख नव्हती. अर्ज म्हटला की त्यात निदान चार कामे दडलेली असतात : कागदपत्रे जमवणे, शिक्षकांकडून शिफारसपत्र घेणे, अर्जातला मजकूर लिहिणे आणि तो सादर करणे. यांपैकी शिफारसपत्र तर आपल्या हातातच नसते. शिक्षकांना सवड द्यावी लागते, मध्ये सुट्ट्या येतात, सही राहून जाते. त्यामुळे मुदतीपासून मागे मोजत यावे. अर्ज महिनाअखेरीस द्यायचा असेल, तर तो चार-पाच दिवस आधी सादर करायचा असे ठरवून त्याच्याआधी मजकुराला एक आठवडा ठेवावा आणि शिक्षकांना महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच भेटावे. वहीत या साऱ्या तारखा त्या त्या दिवसाच्या पानावर लिहाव्यात. दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कामांपुढे ‘कोणाकडे’ आणि ‘पुन्हा कधी विचारायचे’ हेही टिपून ठेवावे. गटाच्या प्रकल्पात तर याच्यावाचून निभाव लागत नाही.

आता वेळेच्या हिशेबाकडे वळू. तुमची यादी किती वेळाची आहे, हे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस सातत्याने कमी धरतो, या प्रवृत्तीकडे डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी 1979 मध्येच लक्ष वेधले होते. पुढे 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत होईल, असे विचारण्यात आले. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता आणि सगळेच उलटे घडले तर किती दिवस लागतील, या प्रश्नाचे सरासरी उत्तर सुमारे 49 दिवस असे आले. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक लागले. म्हणजे त्यांनी धरलेली सर्वांत वाईट शक्यतासुद्धा तोकडी पडली. तेव्हा पुढचे दोन आठवडे प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहा : किती मिनिटे लागतील असे वाटते आणि खरोखर किती लागली. पाच उदाहरणांना चाळीस मिनिटे धरली आणि सत्तर लागली, तर सत्तर लिहा. यात लपवण्यासारखे काही नाही, ही नोंद दुसऱ्या कोणाला दाखवायची नाही. त्यानंतर आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीचा खरा मोकळा वेळ मोजा. तास, प्रवास, जेवण, झोप आणि घरची कामे वजा जाता साडेतीन तास उरत असतील, तर यादीत तीन तासांहून अधिक काम घेऊ नका. सहा तासांचे काम साडेतीन तासांत मावत नाही, हे कागदावर दिसल्यावर निम्मी कामे का राहतात याचे कोडे उरत नाही.

वही की मोबाइल, या वादात मी फारसा पडणार नाही. दोन्ही चालतात, तिन्ही मात्र चालत नाहीत. वर्गात किंवा वाटेत आठवलेले स्वतःला मेसेज करून ठेवायला हरकत नाही, परंतु रोज ठरलेल्या एका वेळी ते सारे एकाच ठिकाणी उतरवून मेसेज पुसून टाकावेत. नवे अ‍ॅप शोधण्यात आणि पाने रंगवण्यात जाणारा वेळ हाही वेळच असतो, एवढेच सुचवतो.

रोज तीच ओळ पुन्हा उतरवण्याची सवय मात्र मोडायला हवी. एखादे काम तिसऱ्यांदा पुढे ढकलले जात असेल, तर ते तसेच्या तसे लिहू नये. ते आणखी लहान करावे, त्याला दिवस आणि तास नेमून द्यावा, कोणावर तरी सोपवावे किंवा करणार नाही असे लिहून काढून टाकावे. यातला शेवटचा पर्याय विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जातो. काढून टाकलेले काम म्हणजे अपयश, असे त्यांना वाटते. माझ्या मते विचारपूर्वक काढलेले काम महिनाभर वहीत कुढत राहिलेल्या कामापेक्षा पुष्कळ बरे.

यादी सकाळऐवजी रात्री करण्याचे आणखी एक कारण आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांतली कामे लिहिणाऱ्या तरुणांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान होता, 57 जणांचा, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण करून पाहायला काहीच खर्च नाही.

कोर्स सोडण्याचा निर्णय सध्या घेऊ नका. तो किती वेळ घेतो हे आज तुम्हाला ठाऊक नाही आणि पत्रावरून मलाही सांगता येत नाही. दोन आठवड्यांच्या नोंदीतून कोर्स, प्रकल्प, कॉलेजचा अभ्यास आणि प्रवेश परीक्षा यांच्या मिनिटांची वेगवेगळी बेरीज करा, आणि या कोर्सचा पुढच्या प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी काय उपयोग धरला आहे, ते त्याखाली दोन वाक्यांत लिहा. ती पाने जोडून पुन्हा पत्र पाठवा. कोर्स चालू ठेवायचा, पुढच्या सत्रावर न्यायचा की सोडायचा, हे आपण त्या आकड्यांवरून ठरवू.