प्रार्थनेतली गाळलेली ओळ

धर्मअध्ययनात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची एक शंका समुपदेशक म्हणून मी अनेकदा ऐकली आहे : हे शिकता शिकता आपली श्रद्धा तर जाणार नाही? एक विद्यार्थिनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) माझ्याकडे आली, ती मात्र लघुप्रबंधाचे दुसरे प्रकरण दोन महिने अडल्याची तक्रार घेऊन. आपल्याच परंपरेच्या ग्रंथातील पाठभेद, म्हणजे वेगवेगळ्या प्रतींमधले शब्दांचे फरक, तपासताना तिने एका ओळीसमोर 'नंतरची भर' अशी नोंद केली होती. ती ओळ तिच्या रोजच्या प्रार्थनेतली होती. त्या दिवसापासून प्रार्थनेत तिथे आले की तिची जीभ अडखळे. पुढे तिने ती ओळ गाळायलाच सुरुवात केली आणि मग गाळल्याचा अपराधीपणा घेऊन ती अभ्यासाला बसू लागली.

पहिल्याच भेटीत मी घाई केली. श्रद्धा आणि अभ्यास वेगळे ठेवा, असा सल्ला मी दिला आणि त्यानंतर महिनाभर ती फिरकली नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, नोंद करणारी मीच आणि प्रार्थना म्हणणारीही मीच. मधले दार कुठे बसवू?" तिचे म्हणणे बरोबर होते.

मग आम्ही तिच्या विषयाच्या पद्धतीकडे वळलो. नेदरलँड्समध्ये 1876च्या उच्च शिक्षण कायद्यानंतर 1877मध्ये लायडन विद्यापीठात धर्मेतिहासाचे अध्यासन सुरू झाले, तेव्हापासून हा विषय ईश्वरविद्येपासून, म्हणजे श्रद्धेच्या आतून केलेल्या धर्मचिंतनापासून, आपली वाट वेगळी काढत आला आहे. सर्व विद्यापीठांनी ही सीमारेषा एकाच ठिकाणी आखलेली नाही, म्हणून आपल्या विभागाची भूमिका प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावी, असे मी इच्छुकांना आवर्जून सांगते. निनियन स्मार्ट या अभ्यासकाने पद्धतीपुरत्या अज्ञेयवादाचा पुरस्कार केला : श्रद्धेचा विषय खरा आहे की नाही, हा निर्णय अभ्यासकाने अभ्यासापुरता स्थगित ठेवावा. हे तिला पाठ होते, परीक्षेतही तिने ते लिहिले होते. तरीही मनात तिने स्थगित याचा अर्थ फेटाळलेला असा धरला होता. ओळ केव्हा लिहिली गेली, हा एक प्रश्न; ती पिढ्यानपिढ्या म्हणणाऱ्यांना तीत काय सापडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा निकाली निघत नाही, आणि दुसराही धर्मअध्ययनाच्याच कक्षेत येतो.

हे पटायला तिला वेळ लागला. खरी कोंडी आणखी एका ठिकाणी होती : चर्चासत्रात आपण श्रद्धाळू आहोत हे कळू नये म्हणून ती गप्प बसे आणि घरी आपण काय वाचतो ते कळू नये म्हणून तिथेही गप्प. (नोकरीचे काय, हा घरच्यांचा प्रश्न होताच, पण तो तिला तितका छळत नव्हता.) मार्गदर्शकांशी मोकळेपणाने बोलावे, एवढेच मी सुचवले. ते बोलणे तिच्या कल्पनेपेक्षा सोपे निघाले. आपण या परंपरेतल्या आहोत, त्यामुळे काय जवळून दिसते आणि कशाकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे, हे पद्धतीविषयीच्या प्रकरणात एका परिच्छेदात लिहा, असे त्यांनी सांगितले. संशोधकाने स्वतःची भूमिका अशी नोंदवणे ही मान्य रीत आहे, तो कबुलीजबाब नव्हे.

तिची झोप आणि जेवण शाबूत होते, म्हणून आम्ही संवादावरच थांबलो. अपराधीपणाने या दोन्हींवर घाला घातला असता, तर मी तिला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवले असते.

प्रकरण पूर्ण झाले. ती ओळ ती पुन्हा म्हणते, थोडी सावकाश. मात्र दुसरी एक समजूत तिने अभ्यासाअंती सोडून दिली आहे आणि ते घरी अद्याप सांगितलेले नाही. सध्या आमच्या भेटींत आम्ही त्याविषयी बोलतो.