नाव मी सेव्ह केलंच नव्हतं, मग आलं कुठनं?

प्रश्न : आमचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, कास्टिंगचं मशिनिंग करून देतो. मागच्या आठवड्यात शिरोलीच्या एका पार्टीला कोटेशन पाठवायचं होतं, 'टू' मध्ये दोनच अक्षरं टाईप केली, खाली नाव आलं, घाईत एंटर मारला आणि मेल गेला दुसऱ्याच पार्टीला, ती पण त्यांच्याच लाईनीतली. सगळे रेट तिकडं. त्या माणसाला मी दोन वर्षांमागं एकदाच मेल केलेला, नाव काय सेव्ह केलं नव्हतं. मग ते आलं कुठनं आणि बंद कसं करायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, ते नाव मेलनंच ठेवून घेतलंय. तुम्ही कुणाला एकदा मेल केला की त्याचा पत्ता आपोआप साठवायचा, हे बऱ्याच ठिकाणी पहिल्यापासून चालूच असतं. जीमेलमध्ये हे पत्ते 'अदर कॉन्टॅक्ट्स'मध्ये पडतात, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये 'कलेक्टेड अॅड्रेसेस'मध्ये, म्हणून मेन लिस्टमध्ये शोधलं तर सापडत नाहीत पण टाईप करताना बरोबर वर येतात.

जीमेल असेल तर कॉम्प्युटरवर उघडा, गिअरच्या चिन्हावर क्लिक करून 'सी ऑल सेटिंग्ज', तिथं 'जनरल'मध्ये खाली 'क्रिएट कॉन्टॅक्ट्स फॉर ऑटो-कम्प्लीट' दिसेल, त्यात 'आय विल अॅड कॉन्टॅक्ट्स मायसेल्फ' निवडा आणि पार तळाला जाऊन 'सेव्ह चेंजेस' दाबा, तेच लै जण विसरतात. यानं जुनी नावं जात नाहीत हां, ती 'अदर कॉन्टॅक्ट्स'मधनं हातानंच काढायला लागतात, एक दुपार जाईल पण काढाच. त्याच पानावर 'अनडू सेंड', म्हणजे पाठवलेला मेल मागं घ्यायची मुदत, 5 सेकंदांवर असते, ती 30 करा. थंडरबर्डवाल्यांनी सेटिंग्जच्या 'कंपोझिशन'मध्ये जाऊन पत्ते आपोआप जमा करायची टिक काढायची, झालं.

मला विचाराल तर हे सुरुवातीला बंदच असायला पाहिजे, ज्याला पाहिजे तो चालू करील. अॅड्रेस बुकात तुमची गिऱ्हाईकं, माल देणारे, सीए, बँकेतले साहेब, सगळ्यांचे पत्ते असतात आणि त्यातल्या एकालाही कुणी विचारलेलं नसतं. 1999 मध्ये मेलिसा व्हायरस आला तो आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमच्या अॅड्रेस बुकातल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःच मेल टाकायचा, मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' आला त्यानं तर अख्खं बुकच धरलं, आणि मेल ओळखीच्या माणसाच्या नावानं आलेला म्हणून लोकांनी बिनधास्त उघडला. त्यानंतर कुठं मायक्रोसॉफ्टनं आउटलुकला अपडेट दिला, की बाहेरचा प्रोग्रॅम अॅड्रेस बुकाला हात लावायला लागला तर आधी मालकाला विचारायचं. असलं कुलूप कारखान्यातनंच लागून यायला पाहिजे, माणसानं सेटिंगा धुंडाळत बसायचं काय म्हणून?

मोबाईलवर पण बघा, कुठल्या कुठल्या अॅपला 'कॉन्टॅक्ट्स'ची परमिशन दिलीय. टॉर्चच्या अॅपला तुमच्या गिऱ्हाईकांची नावं कशाला लागतात? काढून टाका.

आणि शिरोलीच्या पार्टीला काय झालं ते मेलवर नको, फोन करून सांगा, आजच.