नळीत उकळतं पाणी कशासाठी?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात बेळगावला मराठा पलटणीतले रंगरूट गोळीबारानंतर रायफलच्या नळीत उकळतं पाणी ओतत. लोखंड गंजत नसे का?

उत्तर : गंजू नये म्हणूनच ओतत! त्या रायफलच्या .३०३ काडतुसाच्या टोपीत, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत बसतो आणि मिठासारखा ओल धरतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. नुसतं तेल चोपडलं तर पावसाळी बेळगावात नळी आतून खाल्लीच म्हणून समजा. पाणी मात्र उकळतंच हवं, कारण तापलेली नळी आपोआप कोरडी होते.

बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारी सरकती खिट्टी, काढून मागच्या बाजूनं नरसाळ्यानं सुमारे तीन लिटर पाणी ओतायचं. मग दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाच्या, पोकळीतली ‘पुलथ्रू’ दोरी घ्यायची. तिचं पितळी वजन मागून आत सोडायचं, दोरीच्या फासात चार बाय दोन इंचांची फ्लॅनेलची चिंधी अडकवून एका दमात सरळ ओढायची. चिंधी जाड झाली की मधेच अडकते. दोरी तिरकी ओढली तर नळीच्या तोंडाची कड घासून खाच पडते आणि नेम कायमचा बिघडतो. ही चूक सर्वांत वाईट. शेवटी तेलाचा पातळ हात. पुढच्या गोळीबाराआधी तो पुसायलाच हवा.