झोपेची गोळी एकदम बंद करू नका. माझ्या आईला चौथ्या दिवशी फिट आली होती

सासूबाई चार वर्षांपासून रोज अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी घेतात, ती एकदम बंद केली तर त्रास किती दिवस होईल, असे आपण विचारले आहे. एकदम बंद करू नका, हे माझे पहिले उत्तर.

वडील गेल्यानंतर आईला झोप लागेना, म्हणून डॉक्टरांनी ०.५ मिलिग्रॅमची ही गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. ती सहा वर्षे चालली, कारण मेडिकलवाले ओळखीचे होते आणि जुनी चिठ्ठी पुरत असे. २०१४ पासून हे औषध एच-१ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. आमच्याकडे ती वही कधी कोणी उघडलेली मी पाहिली नाही. आई विसरू लागली, बसल्या जागी पेंगू लागली, न्हाणीघरात दोनदा पडली. आम्ही सगळे वयावर घातले.

मग दादाने ठरवले की ही मनाची सवय आहे, दोन रात्री कळ सोसली की सुटेल, आणि उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. दुसऱ्या रात्री आईला दरदरून घाम फुटला, पंख्याचा आवाज सहन होईना, हात इतका थरथरे की कपातला चहा बशीत सांडे. मी गोळी देऊ म्हणत होते. दादा म्हणाला, आता दिली तर सगळे पहिल्यापासून. चौथ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. दातखीळ बसली होती, जीभ चावली गेली होती, उतू गेलेल्या दुधाने शेगडी विझली होती आणि स्वयंपाकघरात गॅसचा वास भरला होता.

रुग्णालयात मेंदूचा स्कॅन, साखर, सोडियम सगळे ठीक निघाले. मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ही गोळी वाढवते. वर्षानुवर्षे तिचा आधार मिळाला की मेंदू स्वतःचा लगाम सैल सोडतो, आणि आधार अचानक काढला की तो बेफाम होतो. अल्प्राझोलामचे रक्तातील प्रमाण साधारण ११ तासांत निम्मे होते, म्हणून त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. यात मनाचा कमकुवतपणा कुठे आला?

मनोविकारतज्ज्ञांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि चौदा महिन्यांत ती उतरवली. मी पोळपाटावर ब्लेडने गोळीचे चतकोर करत असे. भुगा झाला तर तो तुकडा बाजूला टाकायचा, कारण मात्रा चुकते. शेवटचा चतकोर सोडायलाच चार महिने लागले.

आईचे वेळापत्रक सासूबाईंना लावू नका. त्यांचे वय, मात्रा आणि इतर औषधे पाहून ते डॉक्टरांनीच ठरवावे. काहींना त्याऐवजी डायझेपामसारखे शरीरात जास्त काळ टिकणारे औषध देऊन ते कमी करत नेतात. नैराश्याच्या गोळ्यांचे गणित वेगळे असते, पण त्याही आपल्या मनाने थांबवू नयेत.

दादा आजही म्हणतो, वयामुळे फिट आली. २०२० साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अल्प्राझोलाम, डायझेपाम यांच्या (बेन्झोडायझेपिन) गटातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकात, अचानक बंद केल्यास जिवावर बेतणारे झटके येऊ शकतात, असा इशारा चौकटीत छापायला लावला. तो मी त्याला दाखवला आहे. आपल्या घरी 'मनाची सवय' म्हणणारे कोणी असेल तर त्यालाच सासूबाईंसोबत डॉक्टरांकडे पाठवा, आणि घरातली औषधाची सगळी पाकिटे बरोबर द्या.