गालिचा काढून धुता येणारी फरशी बसवताना

आपण गाडीतला गालिचा काढून व्हिनाइलची (पाणी न शोषणाऱ्या लवचिक प्लास्टिकची) फरशी बसवायचे ठरवले आहे, हा निर्णय योग्यच आहे. चिखल-पाण्यातून फिरणाऱ्या गाडीत गालिच्याखालचे अस्तर ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून गंजत जातो.

म्हणून गालिचा निघाल्यावर घाई करू नका. सीटच्या बोल्टभोवती आणि कोपऱ्यांत बोटाने दाबून पाहा. रंगाला फुगवटा आला असेल, तर तो खरवडून, गंजरोधक प्रायमर लावून, पूर्ण वाळू द्या. ओलसर अस्तरावरच नवी फरशी अंथरणे ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण व्हिनाइलखालची वाफ बाहेर पडतच नाही.

सुरुवातीला एवढे सांभाळा:
- सीटखाली एअरबॅगच्या तारा असतील, तर आधी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबा.
- फरशी उन्हात मऊ करून मगच बसवा. बोल्टसाठीची छिद्रे लहान कापा, ती नंतर वाढवता येतात.
- पेडल पूर्ण दाबून ते कुठे अडकत नाही ना, हे तपासा.

गालिचा गेल्यावर आवाज आणि उष्णता वाढते, हे मात्र गृहीत धरा. आवाजरोधक थरांचा विचार पहिल्या पावसाळ्यानंतर करू.